हरणातील तिसरी व्यक्ती : शेरी लेव्हीनच्या 'आफ्टर वॉकर एव्हान्स'चा विचार

१

'मौलिकता' ही संज्ञा कलासमीक्षेत एकाच वेळी दोन कामे करीत असते. कलाकृतीत पूर्वी न आढळलेले असे काही प्रकट झाले आहे, हे ती सांगते. आणि ते ज्याच्याकडून प्रकट झाले त्याचा त्यावर हक्क आहे, असेही ती सुचविते. पहिले विधान सौंदर्यशास्त्रीय आहे, दुसरे स्वामित्वविषयक. रोमँटिक प्रतिभाविचाराने ही दोन विधाने इतकी एकजीव करून टाकली की, एकाचे खंडन झाले म्हणजे दुसरेही आपोआप निकालात निघते, असा समज रूढ झाला. आधुनिकोत्तर कलाविचाराने प्रतिभावादावर कठोर टीका केली, पण हा समज मात्र त्यानेही फारसा तपासला नाही. मौलिकता ही एक मिथ्यकथा आहे हे दाखविले की कोणी कोणाचे काय घेतले हा प्रश्नही उरत नाही, असे त्याच्या बऱ्याच मांडणीत गृहीत धरलेले आढळते. हे गृहीतक कितपत टिकते हे पाहण्यासाठी शेरी लेव्हीन या अमेरिकन कलावंताच्या 'आफ्टर वॉकर एव्हान्स' (१९८१) या छायाचित्रमालिकेचा विचार विशेष उपयुक्त ठरतो. ही मालिका या चर्चाविश्वातील जणू प्रमाणभूत उदाहरण होऊन बसली आहे, आणि म्हणूनच तिच्यात काय पाहिले गेले व काय पाहायचे राहून गेले हे तपासणे आवश्यक आहे.

लेव्हीनचा जन्म १९४७ मध्ये पेनसिल्व्हेनिया राज्यातील हेझल्टन येथे झाला. १९७७ मध्ये न्यूयॉर्कच्या 'आर्टिस्ट्स स्पेस' या संस्थेत डग्लस क्रिम्प यांनी 'पिक्चर्स' हे प्रदर्शन भरविले. त्यातील पाच कलावंतांत ती एक होती. पुढे या प्रदर्शनावरूनच एका संपूर्ण पिढीला नाव मिळाले. १९८० च्या सुमारास तिने एडवर्ड वेस्टन या विख्यात छायाचित्रकाराने १९२५ मध्ये काढलेल्या, त्याच्या मुलाच्या विवस्त्र धडाच्या चित्रांची एका छापील पोस्टरवरून पुन्हा छायाचित्रे घेतली. त्यानंतर वॉकर एव्हान्सच्या (१९०३–१९७५) 'फर्स्ट अँड लास्ट' या १९७८ च्या पुस्तकातील चित्रे तिने आपल्या कॅमेऱ्याने टिपली आणि १९८१ मध्ये न्यूयॉर्कच्या 'मेट्रो पिक्चर्स' या कलादालनात स्वतःच्या नावाने मांडली. चित्रांत तिने भर घातली नाही, काही खोडले नाही, कोणतीही उपरोधिक खूण ठेवली नाही. बदलले ते फक्त शीर्षक. त्या शीर्षकात मूळ छायाचित्रकाराचे नाव स्पष्ट होते, आणि कृतीखाली लेव्हीनचे.

येथे दोन गोष्टी नीट लक्षात घ्याव्या लागतात. पहिली, ही नक्कल फसवणुकीसाठी केलेली नाही. बनावट चित्रकार आपले नाव लपवून दुसऱ्याचे नाव लावतो. लेव्हीन दुसऱ्याचे नाव न लपविता आपले नाव लावते. दुसरी, तिने एव्हान्सच्या निगेटिव्हची किंवा मूळ प्रतीचीही नक्कल केलेली नाही. तिच्यासमोर होते ते छापील पुस्तक, म्हणजे लाखो लोकांना ज्या रूपात 'मूळ' चित्र भेटते ते रूप. ज्याला प्रत म्हणून हिणवले जाईल ते प्रतीचीच प्रत आहे, हे भान तिच्या कृतीत आरंभापासून आहे.

२

या मालिकेचे जे अर्थ लावले गेले त्यांत तीन भूमिका ठळक आहेत. पहिली क्रिम्प यांची. 'ऑक्टोबर' या नियतकालिकात १९८० साली लिहिलेल्या निबंधात त्यांनी वेस्टनवरील मालिकेसंबंधी असे दाखविले की, वेस्टनने कॅमेऱ्याच्या चौकटीत बसविलेले धड हे मुळातच ग्रीक शिल्पपरंपरेने घडविलेल्या नजरेतून पाहिलेले आहे. म्हणजे लेव्हीनने जे घेतले ते वेस्टननेही घेतलेलेच होते. दुसरी भूमिका रोझलिंड क्राउस यांची. १९८१ च्या त्यांच्या प्रसिद्ध निबंधाची सुरुवात रोदँच्या मृत्यूनंतर सहा दशकांनी ओतलेल्या एका शिल्पाच्या प्रश्नापासून होते आणि शेवट लेव्हीनपाशी होतो. मौलिकता आणि पुनरावृत्ती या परस्परविरोधी नसून एकमेकींवर जगणाऱ्या संकल्पना आहेत. आधुनिकतावादी अग्रदलाने पहिलीचा जयघोष करण्यासाठी दुसरी दडपली. लेव्हीन ती दडपलेली बाजू उघड करते, असा त्यांच्या युक्तिवादाचा आशय आहे. तिसरी भूमिका क्रेग ओवेन्स यांची. १९८३ च्या निबंधात त्यांनी एक साधी वस्तुस्थिती महत्त्वाची मानली : लेव्हीन जे घेते ते नेहमी पुरुष कलावंतांचे असते. कलाकृतीचा 'पिता' होण्याचे नाकारणे, हाच तिच्या कृतीचा स्त्रीवादी अर्थ असू शकतो काय, असा प्रश्न त्यांनी उपस्थित केला.

या तिन्ही भूमिकांना लेव्हीनच्या स्वतःच्या निवेदनाचा आधार होता. १९८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या छोट्या निवेदनाचा उत्तरार्ध हा रोलाँ बार्थ यांच्या 'लेखकाचा मृत्यू' या निबंधातील विचारच आहे. फक्त लेखकाच्या जागी चित्रकार आणि वाचकाच्या जागी प्रेक्षक आला आहे. मौलिकतेविरुद्धचे निवेदनही मौलिक नसावे, ही सुसंगती त्यात आहे. चित्राचा अर्थ त्याच्या उगमात नसून ते जेथे पोहोचते तेथे असतो, हा त्या निवेदनाचा निष्कर्ष.

या वाचनांचे महत्त्व नाकारण्याचे कारण नाही. कलाकृती ही संहितांच्या जाळ्यातच जन्म घेते, हे भान त्यांनी दृश्यकलेच्या समीक्षेत आणले. तथापि त्यांची एक समान मर्यादा आहे. तिन्ही वाचने मौलिकतेचा प्रश्न दोन टोकांमध्ये मांडतात : आधीचा कलावंत आणि नंतरचा कलावंत, पिता आणि कन्या, मूळ आणि प्रत. फार तर या साखळीत आणखी मागचे कलावंत जोडले जातात : वेस्टनच्या मागे ग्रीक शिल्पकार, त्याच्या मागे आणखी कोणी. साखळी कितीही लांबली तरी तिचे सर्व दुवे कलावंतांचेच राहतात. छायाचित्र ही मात्र अशी कला आहे की जिच्यात बहुधा एक तिसरा पक्ष उपस्थित असतो. तो चित्र काढीत नाही, चित्र घेतही नाही. त्याचे चित्र काढले जाते.

३

हा तिसरा पक्ष सिद्धान्तात कसा आणावा, हे ठरविण्यासाठी हरणविषयक एका जुन्या विचाराकडे वळणे सोयीचे आहे. इंग्रजीत 'अप्रोप्रिएशन' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या व्यवहारासाठी मराठीत 'विनियोग', 'आत्मसातीकरण' असे पर्याय योजले जातात. संस्कृत काव्यशास्त्रात याच व्यवहाराला अधिक निःसंकोच नाव आहे : 'हरण'. राजशेखराने आपल्या 'काव्यमीमांसे'त सलग अध्याय या विषयाला दिले आहेत. दुसऱ्याने योजलेल्या शब्दार्थांचे आपल्या रचनेत उपनिबंधन म्हणजे हरण, अशी त्याची व्याख्या असून, त्याज्य हरण आणि ग्राह्य हरण असा भेद तो करतो. हरण घडतेच, प्रश्न आहे तो त्याच्या प्रकाराचा आणि त्याच्या समर्थनाचा, ही त्याची भूमिका आहे. लेव्हीनच्या समकालीन भाष्यकारांना जे मोठ्या आवेशाने सिद्ध करावे लागले, ते येथे चर्चेचा आरंभबिंदू आहे.

राजशेखरापूर्वी आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोका'च्या चौथ्या उद्योतात दोन कवींच्या रचनांतील साम्याचे, म्हणजे 'संवादा'चे, तीन प्रकार सांगितले होते : आरशातील प्रतिबिंबासारखे, चित्रासारखे आणि दोन सारख्या दिसणाऱ्या देहधाऱ्यांसारखे. पहिले दोन टाळावेत, तिसरा टाळण्याचे कारण नाही. कारण दोन माणसे सारखी दिसली तरी प्रत्येकाला स्वतःचा आत्मा असतो. राजशेखराने हे वर्गीकरण विस्तारले. जेथे अर्थ सगळा तोच आणि रचना तेवढी वेगळी ते 'प्रतिबिंबकल्प'. थोड्याशा संस्काराने वस्तू वेगळी भासते ते 'आलेख्यप्रख्य'. विषय भिन्न असूनही अतिसादृश्यामुळे एकच वाटतो ते 'तुल्यदेहितुल्य'. आणि मूळ एक असूनही परिकर अगदी दूरचा असतो ते 'परपुरप्रवेशसदृश'.

या कोष्टकात लेव्हीनच्या कृती ठेवून पाहिल्या असता तिचे वेगळेपण नेमके कळते. तिचे १९९१ मधील 'फाउंटन' घ्या. मार्सेल द्युशांच्या १९१७ च्या मूत्रपात्राचा हा झगमगता ब्राँझ अवतार. बाजारात मिळणारी वस्तू द्युशांने कला म्हणून मांडली. लेव्हीनने ती मौल्यवान शिल्पधातूत ओतून पुन्हा ब्रांकुशीच्या लखलखत्या शिल्पांच्या पंक्तीला नेऊन बसविली. संस्काराने वस्तू भिन्न भासते, म्हणून हे 'आलेख्यप्रख्य'. त्यातील चातुर्य चटकन कळते आणि आवडतेही. परंतु 'आफ्टर वॉकर एव्हान्स' सर्वांत खालच्या, त्याज्य मानलेल्या वर्गातले आहे. ते प्रतिबिंबकल्प आहे. किंबहुना त्याहूनही कडक, कारण येथे रचनाही बदललेली नाही. ज्याला स्वतःचा आत्मा नाही म्हणून आनंदवर्धन वर्ज्य मानतो, नेमके तेच लेव्हीन निवडते. तिची कृती 'वाईट हरण' आहे, आणि ते तसे असणे हाच तिचा अर्थ आहे. तिच्यात सुधारणा शोधणारे, फिक्या झालेल्या करड्या छटांत सूक्ष्म सौंदर्य पाहणारे समर्थक तिला नकळत वरच्या वर्गात ढकलू पाहतात आणि तिची धार घालवून बसतात.

आणखी एक भेद आहे. कवींमध्ये चोर नसलेला कोणी नाही आणि व्यापाऱ्यांतही नाही. ज्याला लपविता येते तो मात्र निंदेवाचून सुखात राहतो, अशा आशयाचे मार्मिक वचन राजशेखराने नोंदविले आहे. त्याच्या दृष्टीने हरणाचे कौशल्य गोपनात आहे. लेव्हीनने हे गोपनच काढून टाकले. त्यामुळे प्रेक्षकाचे लक्ष 'काय घेतले' यावरून 'घेणे म्हणजे काय' याकडे वळते. प्रतिबिंबाला आत्मा नसेल, पण त्याला जागा असते, वेळ असते, आणि आरसा धरणारा हात असतो. १९३६ मधील चित्र १९८१ मध्ये, मंदीच्या काळातील गरिबीचे चित्र न्यूयॉर्कच्या कलादालनात, एका स्त्रीच्या नावाने : हे सगळे त्या प्रतिबिंबाचे गुणधर्म आहेत. या कृतीतील नवेपण प्रतिमेत नाही, उच्चारात आहे. आणि हा उच्चार एकदाच करता येतो. २००१ मध्ये मायकेल मँडिबर्ग यांनी हीच चित्रे संगणकावर चढवून, कोणालाही छापून घेता येतील अशी, अधिकृततेच्या प्रमाणपत्रासह खुली केली तेव्हा त्या कृतीचा अर्थ लेव्हीनच्या कृतीच्या अर्थाहून वेगळा झाला. मौलिकता नाहीशी झालेली नाही; ती प्रतिमेतून कृतीत स्थलांतरित झाली आहे. 'मौलिकतेचा अंत' ही घोषणा म्हणून अर्धवट खरी ठरते.

'काव्यमीमांसे'तील सर्वांत उद्बोधक मत मात्र राजशेखराचे नाही; त्याने नोंदविलेले त्याची पत्नी अवंतिसुंदरी हिचे आहे. इतर चोऱ्या काळाच्या ओघात विरून जातात, पण वाणीची चोरी मुलानातवंडांपर्यंत विरत नाही, या आक्षेपावर ती हरणाला अनुकूल अशी कारणांची यादीच देते. तो अप्रसिद्ध आहे, मी प्रसिद्ध. त्याला प्रतिष्ठा नाही, मला आहे. त्याची वाणी गुळवेलीसारखी, माझी द्राक्षासारखी. त्याच्या रचनेचा कर्ता दूरदेशीचा आहे. ती जाणणारे आता उरले नाहीत. अशा कारणांनी हरण करण्यास हरकत नाही. ही यादी प्रामाणिक आहे की उपरोधिक, हा वाद बाजूला ठेवला तरी तिचे सैद्धान्तिक महत्त्व मोठे आहे. या यादीतील बहुतेक कारणे कृतीच्या गुणांविषयी नाहीत. घेणारा आणि ज्याचे घेतले तो, यांच्या सामाजिक स्थानांतील अंतराविषयी आहेत. घेणाऱ्याची प्रतिष्ठा आणि दिलेल्याचे अज्ञातपण हेच घेण्याचे परवानापत्र ठरते.

लेव्हीनच्या बाबतीत ही यादी उलटी होते. येथे घेणारी १९८१ मध्ये अल्पपरिचित स्त्री आहे आणि ज्याचे घेतले तो कीर्तीच्या शिखरावरचा पुरुष. ओवेन्स यांच्या स्त्रीवादी वाचनाचे बळ या उलटापालटीत आहे. पण अवंतिसुंदरीची यादी सरळ वाचली, तर ती दुसऱ्याच एका हरणाला तंतोतंत लागू पडते : एव्हान्सने १९३६ मध्ये केलेल्या.

४

१९३६ च्या उन्हाळ्यात 'फॉर्च्यून' मासिकाच्या कामासाठी लेखक जेम्स एजी आणि एव्हान्स अलाबामा राज्यातील हेल परगण्यात गेले. एव्हान्स त्या वेळी पुनर्वसन प्रशासनाच्या, म्हणजे पुढील काळातील फार्म सिक्युरिटी अॅडमिनिस्ट्रेशनच्या, छायाचित्रण विभागात नोकरीला होता. काढलेली चित्रे सरकारची मालमत्ता राहतील या अटीवर त्याला जाऊ देण्यात आले. वाट्याने कापूस पिकविणाऱ्या तीन गोऱ्या कुळ-कुटुंबांबरोबर दोघांनी काही आठवडे काढले. मासिकाने तो मजकूर छापला नाही. १९४१ मध्ये 'लेट अस नाऊ प्रेज फेमस मेन' हे पुस्तक निघाले. १९६० च्या वाढीव आवृत्तीनंतर त्याला अभिजात दर्जा मिळाला.

लेव्हीनच्या मालिकेतील सर्वांत परिचित चित्र याच मुक्कामातील आहे. घराच्या आडव्या, न रंगविलेल्या फळ्यांना टेकून एक स्त्री उभी आहे. चेहरा सरळ कॅमेऱ्याकडे, ओठ घट्ट मिटलेले, कपाळावर आठ्या, डोळे उन्हाने किंचित बारीक झालेले. ती अॅली मे बरोज, एका कुळाची बायको. एजीच्या पुस्तकात तिचे नाव बदललेले आहे. चित्रे पुस्तकाच्या आरंभी, कोणत्याही मथळ्याविना दिलेली आहेत. नाव बदलण्यामागे संरक्षणाचा हेतू होता, मथळे गाळण्यामागे सौंदर्यदृष्टीचा. परिणाम मात्र असा झाला की, चित्रकाराचे नाव पक्के झाले आणि चित्रातील स्त्री 'कुळाची बायको' या जातिवाचक नावाने कलेच्या इतिहासात गेली. तो प्रसिद्ध, ही अप्रसिद्ध, त्याला प्रतिष्ठा, हिला नाही, ही दूरदेशीची. अवंतिसुंदरीच्या यादीतील कारणे एकेक करून येथे भरली जातात.

हे एव्हान्स व एजी यांना कळत नव्हते असे नाही. एजीने पुस्तकाच्या पात्रसूचीत स्वतःला हेर म्हणून नोंदविले आहे. नाडलेल्या लोकांच्या आयुष्यात डोकावून त्याचे वाङ्मय करण्याच्या अधिकाराविषयीची शरम त्या पुस्तकाच्या पानापानांत आहे. एव्हान्सची जाणीव निराळ्या वाटेने व्यक्त झाली. त्याच १९३६ साली सव्हॅना येथे त्याने एका छायाचित्र-दुकानाच्या काचेआड मांडलेल्या असंख्य लहान चेहऱ्यांचे चित्र काढले. ते सर्व चेहरे कोणा अनामिक धंदेवाईक छायाचित्रकाराने टिपलेले होते. एव्हान्सने त्यांचे छायाचित्र घेतले आणि ते एव्हान्सचे चित्र म्हणून ओळखले जाते. म्हणजे छायाचित्रांचे छायाचित्र काढण्याची कृती लेव्हीनच्या पंचेचाळीस वर्षे आधी स्वतः एव्हान्सने केली होती. आयुष्याच्या अखेरीस तर तो रस्त्यावरच्या पाट्या काढून आणून संग्रह करू लागला होता. 'मूळ' मानला जाणारा कलावंतच हरणाच्या कलेत मुरलेला होता, ही गोष्ट लेव्हीनच्या निवडीला विशेष अर्थ देते.

या संदर्भात क्रिम्प यांनी नोंदविलेला एक प्रसंग फार मोलाचा आहे. वेस्टनवरील चित्रे पाहून लेव्हीनचा एक मित्र म्हणाला की, ही पाहून मूळ चित्रे पाहावीशी वाटतात. त्यावर तिने उत्तर दिले : अर्थातच, आणि मूळ चित्रे पाहून त्या मुलाला पाहावेसे वाटते, पण मुलगा दिसला की कला नाहीशी होते. क्रिम्प यांनी या उत्तरावरून असा निष्कर्ष काढला की, इच्छा नेहमी अनुपस्थित मूळाकडे धावते आणि ते मूळ कधीच हाती लागत नाही. हा निष्कर्ष वेस्टनच्या बाबतीत चालू शकतो. बापाने काढलेल्या मुलाच्या चित्रात चित्रापलीकडे आहे ते खासगी आयुष्य. एव्हान्सच्या बाबतीत हाच जिना उतरून पाहिले तर काय होते? लेव्हीनचे चित्र पाहून एव्हान्सचे पाहावेसे वाटते. एव्हान्सचे पाहून ती स्त्री. ती दिसली की कला कदाचित नाहीशी होईल, पण तिच्या जागी रिकामेपण येत नाही. तेथे कापसाचा अर्धा वाटा, सावकाराचे देणे आणि फळ्यांचे घर आहे. इच्छेच्या मीमांसेने जेथे थांबावे असे वाटते, तेथे हक्काचा प्रश्न सुरू होतो.

हा प्रश्न काल्पनिक नाही. डोरोथिया लँगने १९३६ मध्येच काढलेल्या 'मायग्रंट मदर' या जगप्रसिद्ध चित्रातील फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन हिने १९७८ मध्ये जाहीरपणे बोलून दाखविले होते की, ते चित्र काढले गेले नसते तर बरे झाले असते आणि त्यातून तिला काहीच मिळाले नाही. हेल परगण्यातील कुटुंबांच्या पुढील पिढ्यांचा मागोवा घेणारे डेल महॅरिज व मायकेल विल्यमसन यांचे पुस्तक १९८९ मध्ये आले आणि त्याला १९९० चे पुलित्झर पारितोषिक मिळाले. मुलानातवंडांपर्यंत न विरणारी चोरी, हे राजशेखराच्या चर्चेतील वचन येथे अक्षरशः आठवते. फरक इतकाच की, येथे चोरीची आठवण चोराच्या कुळात राहिली नसून ज्यांचे घेतले त्यांच्या कुळात राहिली आहे.

५

या युक्तिवादावर एक गंभीर आक्षेप संभवतो. चित्रामागील 'खऱ्या' स्त्रीकडे बोट दाखविणे म्हणजे संरचनावादोत्तर विचाराने मोडीत काढलेली उगमाची कल्पना मागच्या दाराने परत आणणे नव्हे काय? लेखकाला पदच्युत करून त्याच्या जागी विषयभूत व्यक्तीला बसविले, एवढेच काय ते झाले, असे कोणी म्हणू शकेल.

या आक्षेपाचे उत्तर आरंभी केलेल्या भेदात आहे. अॅली मे बरोज ही त्या चित्राच्या अर्थाचा उगम नाही. तिचे आयुष्य कळले म्हणजे चित्राचा 'खरा' अर्थ सापडेल, असा दावा येथे नाही. ती त्या चित्राची एक पक्षकार आहे. उगम ही ज्ञानमीमांसेची कल्पना आहे, पक्षकार ही नीतिव्यवहाराची. बार्थ यांनी लेखकाची सत्ता काढून घेतली ती अर्थावरची. परंतु ज्या लेखकत्वातून कीर्ती, किंमत व मालकी निर्माण होते त्याला त्या युक्तिवादाने फारसा धक्का लागला नाही. लेखकाचा मृत्यू झाल्यावरही त्याची मालमत्ता शिल्लक असते, आणि वारसही. एव्हान्सच्या वारसव्यवस्थेने लेव्हीनच्या मालिकेला स्वामित्वहक्काच्या मुद्द्यावर हरकत घेतली, यातला विरोधाभास पाहण्यासारखा आहे : हेल परगण्यातील अनेक प्रतिमा सरकारी खर्चाने निर्माण झालेल्या, वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये सार्वजनिक मालकीच्या म्हणून जतन केलेल्या आहेत. १९९४ मध्ये एव्हान्सचा संपूर्ण दप्तर-संग्रह न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाकडे आला आणि त्यानंतर लेव्हीनची मालिकाही त्याच संग्रहालयात दाखल झाली. ज्याचे घेतले तो आणि जिने घेतले ती, दोघेही आज एका छताखाली, स्वतंत्र नोंदणीक्रमांकांसह नांदत आहेत. संस्थेच्या लेखी दोन मौलिक कलावंत आहेत. तिसऱ्या व्यक्तीची नोंद विषयसूचीत आहे.

कायद्यानेही हिशेब दोघांचाच धरला आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये अँडी वॉरहॉल प्रतिष्ठान आणि छायाचित्रकार लिन गोल्डस्मिथ यांच्यातील खटल्यात सात विरुद्ध दोन मतांनी गोल्डस्मिथ यांच्या बाजूने निर्णय दिला. त्यांनी १९८१ मध्ये, म्हणजे लेव्हीनच्या प्रदर्शनाच्याच वर्षी, गायक प्रिन्सचे छायाचित्र काढले होते. वॉरहॉलने १९८४ मध्ये त्यावरून चित्रे केली. २०१६ मध्ये त्यांतील एक चित्र मासिकाला वापरण्यास देणे हा मूळ छायाचित्राच्याच प्रयोजनाचा वापर ठरतो काय, हा वादाचा मुद्दा होता. निर्णयाची बरीवाईट चिकित्सा पुष्कळ झाली आहे. प्रस्तुत संदर्भात एवढेच ध्यानात घ्यायचे की, ज्याच्या चेहऱ्यावरून हा वाद झाला तो त्यात पक्षकार नव्हता. प्रिन्सला कीर्ती होती, धन होते, तो आपल्या प्रतिमेचा मालक होऊ शकत होता. कापूस पिकविणाऱ्या स्त्रीला यांपैकी काहीच नव्हते. मौलिकतेचा सिद्धान्त आणि मौलिकतेविरुद्धचा सिद्धान्त, दोघांच्याही दृष्टीने तिची स्थिती सारखीच राहते.

मग लेव्हीनच्या कृतीचे मूल्यमापन कसे करावे? तिने ही तिसरी व्यक्ती जाणीवपूर्वक पुढे आणली, असे म्हणता येत नाही. तिच्या निवेदनात ती नाही, शीर्षकातही नाही. 'आफ्टर'नंतर येते ते एव्हान्सचे नाव. आपल्या आधीच्या पुरुषाशी चाललेल्या हिशेबात त्या दुसऱ्या स्त्रीचा चेहरा तिने चलनासारखा वापरला, असा आरोप केल्यास तो अगदीच निराधार ठरणार नाही. तिच्या स्त्रीवादी वाचनातील ही मोठी त्रुटी आहे : चित्रात समोर उभी असलेली स्त्री सोडून चित्र काढणारा पुरुष आणि चित्र घेणारी स्त्री एवढ्यांचाच विचार त्यात झाला.

तरीही कृती तिच्या कर्त्रीच्या निवेदनापेक्षा अधिक जाणते. एव्हान्सचे चित्र स्वतंत्रपणे पाहताना त्याच्या रचनेची शुद्धता, ती आडव्या फळ्यांची लय आणि चेहऱ्याचा संयम इतका परिपूर्ण वाटतो की, 'हे घेतलेले आहे' हा विचार मनात येत नाही. घेतले जाणे तेथे पाहण्याच्या कौशल्यात विरघळून गेलेले असते. राजशेखराचे गोपन ते हेच. लेव्हीन ते चित्र पुन्हा घेते, उघड्यावर घेते, आणि प्रेक्षक विचारतो : हिला हा अधिकार कोणी दिला? हा प्रश्न एकदा विचारला गेला की तो लेव्हीनपाशी थांबवून ठेवण्याचे कोणतेही तर्कशुद्ध कारण राहत नाही. तो एव्हान्सपर्यंत, मासिकापर्यंत, सरकारी खात्यापर्यंत, संग्रहालयापर्यंत आणि अखेर पाहणाऱ्यापर्यंत जातो. प्रतिबिंबकल्प हरण त्याज्य खरे. पण एवढ्या नागड्या स्वरूपात मांडल्यामुळे त्याने प्रतिष्ठित हरणांचे झाकण उचलले आहे.

आधुनिकोत्तर समीक्षेने या मालिकेतून 'कोणीच मौलिक नाही' असा धडा घेतला. तो सोयीचा होता, कारण त्याने सगळ्यांचेच देणे एकदम माफ झाले. त्या चित्रातून मिळणारा दुसरा धडा अधिक अवघड आहे : मौलिकता नसली तरी ऋण असते, आणि ते नेहमी कलावंताचेच असते असे नाही. मराठीतील हरणविषयक चर्चा बहुधा वाङ्मयचौर्याच्या आरोपापाशी, म्हणजे कोणत्या लेखकाने कोणत्या लेखकाचे घेतले यापाशी, अडून राहते. ज्यांच्या बोलीतून, दुःखातून व चेहऱ्यांतून साहित्य घडले त्यांचा हिशेब त्या चर्चेत क्वचितच येतो. फळ्यांना टेकून उभ्या असलेल्या त्या स्त्रीची नजर लेव्हीनकडे नाही, एव्हान्सकडेही आता नाही. ती पुस्तक उघडणाऱ्याकडे आहे, आणि तिच्यासंबंधीचा प्रश्न मौलिकतेच्या कोणत्याही सिद्धान्ताने अद्याप पुरता सोडविलेला नाही.